तळ्यांच्या वाटेने लंका

दूरच्या ऐश्वर्याचा आपल्याला काय उपयोग, या अर्थाने ‘लंकेत सोन्याच्या विटा’ ही म्हण आपण वापरतो. परंतु कोलंबोहून मोटारीने निघून या 65,610 चौरस किलोमीटरांच्या बेटाची प्रदक्षिणा करणाऱ्या प्रवाशाला जी दौलत ठायीठायी भेटते ती सोन्याची नसून पाण्याची असते, आणि वन्य प्राणी पाहण्यासाठी आखलेला त्याचा मार्ग नकळत तळ्यामागून तळे गाठीत जातो.

याचे कारण पावसात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक पाणी बेटाच्या नैर्ऋत्येस व मध्यवर्ती डोंगरांवर रिते करतात. उत्तर आणि पूर्वेकडील सपाट मुलखाची भिस्त मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीच्या पावसावर असून उरलेले कित्येक महिने तो कोरडा असतो. म्हणून तेथील राजांनी भातशेतीसाठी विस्तीर्ण तलाव बांधण्याची तजवीज केली. सिंहली भाषेत त्यांना ‘वेव’ म्हणतात. मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या शतकात महासेन राजाच्या कारकीर्दीत झाला, आणि पाचव्या शतकातील धातुसेनाने कलावेवचे पाणी सुमारे 87 किलोमीटर लांबीच्या कालव्याने अनुराधपुरास नेले.

ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते, आणि आसपासच्या जंगलांतून शेकडो हत्ती तेथे जमतात. जीप थांबवून एकाच हत्तिणीकडे पाहत राहावे: पायाच्या नखांनी ती गवताचे मूळ सैल करते, सोंडेने जुडी उपटते, ती पायावर आपटून माती झटकते, आणि मगच घास तोंडात घालते. पिले तिच्या पोटाखाली उभी असतात. लंकेतील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक नरांना मोठे सुळे नसतात; त्यामुळे सुळेवाला हत्ती दिसला की वाटाड्याही हरखतो.

पुढे कँडी व नुवारा एलियाचे चहाचे मळे ओलांडून रस्ता वेल्लवायाकडे उतरतो, तेव्हा हवा पुन्हा रखरखीत होते. वलवे नदीवर धरण झाल्याने विस्थापित झालेल्या प्राण्यांना आसरा मिळावा म्हणून 1972 मध्ये उडवलवेचे उद्यान निर्माण झाले. तेथे हत्ती बारमाही दिसतात. दक्षिणेस ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात बिबट्याचा अंमल आहे. जुन्नरच्या उसात लपून राहणारा बिबट्या आपल्या परिचयाचा. लंकेत मात्र वाघ नसल्यामुळे तो दिवसाढवळ्याही खडकावर निवांत पहुडलेला आढळतो. बुत्तलाहून कतरगामास जाणाऱ्या रस्त्यावर काही हत्ती फळांच्या आशेने वाहने अडवतात. प्रवाशांच्या दातृत्वानेच त्यांना ही सवय लागली असल्यामुळे तेथे काच वर करून शांत राहणे, हाच खरा शिष्टाचार होय.

सुज्ञ प्रवाशाने मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अलीकडे मोरगहकंदा धरणाचे पाणी मिन्नेरियाच्या तलावात येऊ लागल्यापासून तो ऐन कोरड्या ऋतूतही भरलेला राहू लागला, आणि गवताचे कुरण पाण्याखाली गेलेल्या वर्षी हत्तींचा मेळा रोडावला. तलाव भरलेला राहावा ही शेतकऱ्याची अपेक्षा न्याय्यच आहे. परंतु सतरा शतके त्याच्या काठावर नांदलेल्या या दुसऱ्या हक्कदारांना त्याचे भरणे जितके हवे, तितकेच त्याचे आटणेही हवे असते.