आघातानंतरची धडधड काय सांगते?

30 मार्च 2023. इंदूरच्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात रामनवमीचं हवन चालू असताना जुन्या बावडीवरची स्लॅब कोसळली आणि 36 जण दगावले. अशा प्रसंगातून वाचलेल्याबद्दल आपल्याकडे हमखास म्हटलं जातं, ‘साधं खरचटलंही नाही, देवाचीच कृपा.’ पण अंगावर ओरखडा नसलेल्यालाही, इतकंच काय, काठावरून पाहणाऱ्याला आणि मृतदेह वर काढणाऱ्यालाही पुढे आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, होऊ शकतो.

‘मनाने कच्चा, दुसरं काय!’ हा सगळ्यांत चिवट गैरसमज. जिवावर बेतलं की मेंदूतला अमिग्डाला चाळवतो, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते. धीट माणसाचीही धडधडते. फरक पडतो तो ही उसळी नंतर ओसरते की नाही, यात. जेरुसलेममधला 1998 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. आघातानंतर रुग्णालयात आणलेल्या 86 जणांपैकी ज्यांना चार महिन्यांनी हा विकार आढळला, त्यांच्या हृदयाचे ठोके पहिल्याच दिवशी मिनिटाला सरासरी 95 होते, बाकीच्यांचे 83.

मग नाडी मोजली की निकाल लागला? तसं नाही. वेदनेने, रक्तस्रावानेही नाडी वाढते, आणि पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही. कॉर्टिसॉलचंही तेच. ताण म्हणजे कॉर्टिसॉल वाढलेलंच, असं आपण धरून चालतो. काही अभ्यासांत मात्र पुढे विकार झालेल्यांमध्ये ते सुरुवातीलाच कमी सापडलं. हे संप्रेरक ताणाच्या प्रतिक्रियेला लगामही घालतं, म्हणून हे अगदीच अनाकलनीय नाही. अमेरिकेत 2017मध्ये सुरू झालेल्या ‘ऑरोरा’ प्रकल्पात आघातग्रस्तांचं रक्त, झोप, मेंदूचं चित्रण असं सगळं एकत्र तपासलं गेलं. तरीही हा विकार होणार की नाही हे आधी सांगणारी रक्ततपासणी आज नाही. कुणी ‘पॅकेज’ विकत असेल तर पैसे घरातच ठेवा.

पहिल्या आठवड्यात झोप उडाली, दचकायला झालं, म्हणजे विकार जडलाच असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातले सुमारे 70 टक्के लोक कधी ना कधी आघाताचा प्रसंग अनुभवतात. विकार होतो त्यांतल्या जेमतेम 5.6 टक्क्यांना. निदानही लक्षणं महिनाभर टिकल्यावरच करतात.

तोवर घरचे दोन उपाय हटकून करतात: झोपेची गोळी, आणि ‘सगळं बोलून टाक’ असा आग्रह. पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असं हीच संघटना 2013पासून सांगते आहे. एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. बोलावंसं वाटलं तर ऐका, नाहीतर नुसतं सोबत बसा.

महिन्यानंतरही तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, त्या रस्त्याने जाणं टाळलं जात असेल, झोप येत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जीव द्यावासा वाटू लागला तर महिन्याची वाट पाहू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.