मोरीचे पाणी कुठे जाते?

नवे घर बांधले की आपण पाहुण्यांना हौसेने फिरवून दाखवतो. बैठक, ओटा, गच्ची सगळे दाखवून होते. मोरीपाशी आलो की मात्र दार हळूच ओढून घेतो. पण घरातल्या बायकांचा दिवस मोजला तर चुलीपाशी जितका वेळ जातो, जवळजवळ तितकाच मोरीत जातो. दस्तरखान उठल्यावर सगळे गप्पा मारत बसतात, आणि एक जण बाही सावरून आत जाते. त्या जागेबद्दल आज थोडे बोलू.

राखेचा डबा आणि कलईची देगची

वर्ध्याच्या आमच्या जुन्या घराला कवेलूंचे छप्पर होते आणि स्वयंपाकघरामागे, अंगणाच्या कोपऱ्यात मोरी होती. चार फरश्या, भोवती वीतभर उंच काठ, एका बाजूला पाण्याची टाकी आणि भिंतीत पाणी बाहेर जायला एक भोक. दादी पाटावर बसून भांडी घासत. हा कापसाचा मुलूख. चुलीत पऱ्हाट्या जळत, आणि त्यांची राख चाळून मोरीतल्या डब्यात भरली जाई. राखेतला क्षार तेलकटपणा तोडतो आणि बारीक कण भांडे घासतात. साबणाचा खर्च नव्हता.

आपल्या घरांत तेव्हा तांब्याची भांडी जास्त. देगची, लगन, तोटीचा लोटा. उघड्या तांब्यात आंबट सालन ठेवले तर ते विषारी होते, म्हणून आतून कलई लागे. कलईवाला भट्टी पेटवून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवी. काळे भांडे चांदीसारखे लखलखे. ही कलई टिकवणे मोरीतल्या हातावर होते. बाहेरून जोर लावायचा, आतून हात हलका ठेवायचा. हे ज्ञान कुठे लिहिलेले नव्हते. दादींकडून अम्मीकडे आणि अम्मीकडून आमच्याकडे ते मोरीतच आले.

मुलांनाही तेव्हा एक काम असे. पाहुणे जेवायला बसण्याआधी चिलमची घेऊन त्यांच्या हातांवर पाणी घालायचे आणि चिलमची मोरीत रिकामी करायची. मोरीतले पाणी भिंतीतल्या भोकातून परसात जाई. तिथे केळ, पुदिना आणि धोपा, म्हणजे अळू, उभे असत. सांडपाणी हा शब्दच आमच्या घरात नव्हता, कारण पाणी वाया जात नव्हते.

भांडी कोणी घासायची?

इंग्रजांच्या बंगल्यांत या कामासाठी वेगळा नोकर असे. त्याला मसालची म्हणत. मूळ शब्द मशालचीचा, म्हणजे मशाल धरणारा. पुढे पुढे तोच शब्द भांडी घासणाऱ्याला चिकटला, आणि नोकरांच्या उतरंडीत त्याची जागा खालची राहिली. विलायतेतल्या मोठ्या घरांतही भांडी धुण्याची खोली वेगळी आणि तिथली मोलकरीण सगळ्यांत कनिष्ठ. जेवण बनवणाऱ्याला मान आणि उष्टे काढणाऱ्याला कमीपणा, हे सगळीकडचेच.

आपल्या जिल्ह्यात मात्र याच्या उलट एक प्रयोग झाला. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. आश्रमात साफसफाईचे काम हलके मानले जात नव्हते आणि ते वाटून घेतले जाई. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. नव्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसैन, जे पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. हाताच्या कामातून शिकवायचे, हा त्या 'नई तालीम'चा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत सफाई आणि स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग होता, मुलग्यांसाठीही.

आणि आपल्याला हे नवे वाटण्याचे कारणच नाही. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले की पैगंबर (स.) घरात काय करत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात लागलेले असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीस आपल्या घरांतल्या मुलग्यांना आणि पुरुषांना आपण कितीदा ऐकवतो? ताटात दाणा न सोडता बोटे व ताट पुसून खाण्याची सुन्नत आपल्याला ठाऊक आहे. ती पाळली तर मोरीतल्या बाईचे निम्मे काम हलके होते, हेही लक्षात घ्यावे.

ओटा उंच झाला, मोरी लपली

आता सिंक ओट्यावर आले. पाटावर बसून गुडघे आणि कंबर धरण्याचे दिवस गेले, ही अल्लाहची मेहरबानीच. फ्लॅटमध्ये मोरीला ड्राय बाल्कनी म्हणतात. मिस्त्री मात्र फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याला आजही 'नहाणी ट्रॅप'च म्हणतो. शब्द आपल्या न्हाणीचाच. त्यात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटाराचा वास व झुरळे वर येऊ देत नाही. सुट्टीत घर बंद ठेवले की ते पाणी आटते आणि घर उघडताच वास मारतो. तांब्याभर पाणी ओतले की पुरे.

एक गोष्ट मात्र बिघडली. पाणी पाइपातून गेले की ते कुठे जाते हे दिसेनासे झाले.

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगतो. नळ आला, मोटार आली, पाणी वाढले. परस बांधकामात गेले. मोरीचा पाइप आम्ही सरळ रस्त्यावर काढला. पाणी उतारावरून शेजारच्या काकूंच्या दारासमोर साचू लागले. आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा पहिला त्यांच्या घरी जायचा, आणि वर्षभर आमचे उष्टे पाणीही त्यांच्याच दारात. त्या कधी बोलल्या नाहीत. एका पावसाळ्यात त्याच शेवाळावरून घसरून त्यांचे मनगट मोडले. आम्ही भेटायला गेलो, तेव्हाही त्यांनी चहाच पुढे केला. त्यांच्या गप्प राहण्याने आम्हाला जास्त लाज वाटली. ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही तो मोमिन नाही, या अर्थाची हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. मोरीच्या पाइपाशी तिचा संबंध आहे हे मात्र त्या दिवशी कळले.

शोषखड्डा

मग आम्ही शोषखड्डा केला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे आणि डास हटवले आहेत. विदर्भाने हत्तीरोग पाहिला आहे, आणि तो पसरवणारा डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात वाढतो.

पहिला खड्डा आमचा फसला. तीन फूट खणले, पण काळी माती पाणी शोषत नाही, आणि खड्डा भरून वाहू लागला. दुसऱ्यांदा मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, तळाशी मोठे दगड, वर लहान दगड आणि विटांचे तुकडे टाकले. मध्ये बाजूंना छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी ठेवून वर झाकण घातले. हे लक्षात ठेवावे:

- खड्डा विहीर आणि बोअरपासून दूर असावा. संडासाचे पाणी त्यात कधीही सोडू नये.
- पाणी खड्ड्यात जाण्याआधी जाळी आणि गाळ बसायला लहान टाके हवे. ते नियमित साफ करावे.
- बिर्याणीचे तूप आणि बकरीदची चरबी सिंकमध्ये ओतू नये. थंड झाली की ती पाइपात गोठते. भांडे आधी रद्दी कागदाने पुसावे.
- घासताना नळ बंद असावा. पैगंबर (स.) एका मुदभर, म्हणजे साधारण ओंजळभर, पाण्यात वुजू करत.
- रात्री धुतलेली भांडी उघडी ठेवू नयेत. भांडी झाकण्याची ताकीद हदीसमध्येही आहे.

पाकी हा इमानाचा अर्धा भाग आहे असे आपण म्हणतो. ती आपल्या उंबरठ्याशी संपत नाही. काकू आता संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात. जमीन कोरडी असते. आणि आमच्याकडे जेवण झाले की ज्याचे ताट त्याने घासायचे, असा नियम झाला आहे. मुलगे कुरकुरतात, पण घासतात.