सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरची रांग

खिडक्या तीनला उघडणार आहेत. आत्ता अडीच वाजतायत आणि रांग लाल पायऱ्यांच्या कडेकडेने सरकत पार पदपथापर्यंत आली आहे. शुक्रवार आहे. बहुतेक थिएटरांत आज दुपारचा प्रयोग नाही, म्हणून विक्री होईल ती रात्रीच्या तिकिटांची. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने पेन स्टेशन आणि तिथून सातव्या ॲव्हेन्यूने सरळ उत्तरेकडे चालत सत्तेचाळिसाव्या रस्त्यापर्यंत, असे सई आणि मी आलो आहोत. सई माझ्या बहिणीची मुलगी, इथे कॉलेजात शिकते. ऑक्टोबरचं ऊन स्वच्छ आहे, पण इमारतींच्या फटीतून वारा आला की ती जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेते.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरचं हे उत्तर टोक, डफी स्क्वेअर. पायऱ्या लाल काचेच्या आहेत, सत्तावीस. त्यांवर माणसं बसली आहेत, खात आहेत, पलीकडच्या जाहिरातींच्या पडद्यांकडे तोंड करून फोटो काढत आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की आपण एका तिकीटबारीच्या छपरावर बसलो आहोत? पायऱ्यांच्या पाठीमागे, सत्तेचाळिसाव्या रस्त्याकडे तोंड करून, टीकेटीएसच्या, म्हणजे सवलतीच्या तिकिटांच्या, खिडक्या आहेत. पुढच्या चौकात पहिल्या महायुद्धातल्या पलटणीचे धर्मगुरू फादर डफी यांचा पुतळा आहे आणि त्याच्या पुढे जॉर्ज कोहनचा. कोहन नट, गीतकार, संगीतकार, निर्माता, सगळंच. लष्करी धर्मगुरूच्या शेजारी नाटकवाल्याला उभं करणारं शहर मला आवडतं.

खिडक्यांजवळचा फलक अजून अर्धवट उजळलेला आहे. नावं एकेक करून उमटतात. नाटकाचं नाव, प्रयोगाची वेळ, सवलतीचा टक्का, किंमत. वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत. 'हॅमिल्टन' या गाजलेल्या संगीतिकेचं नाव शोधत चारपाचजण मान उंच करतात. ते दिसत नाही. ज्याची तिकिटं तशीही संपतात, त्याला इथे यायची गरज नसते.

"मावशी, शिकागो आलं! पन्नास टक्के!" सई ओरडते. रांगेतले दोघंतिघं हसून तिच्याकडे बघतात.

ॲम्बॅसेडर थिएटरात 'शिकागो' चालू आहे. मूळ संगीतिका १९७५ची, संगीतकार कँडर आणि गीतकार एब यांची, बॉब फॉसीने बसवलेली. आज चालू आहे ती १९९६ साली पुन्हा उभी केलेली आवृत्ती. ॲम्बॅसेडरमध्ये सुमारे अकराशे खुर्च्या आणि आठवड्याला आठ प्रयोग. म्हणजे आठवड्याला जवळपास नऊ हजार खुर्च्या, आणि त्या वर्षानुवर्षं भरत राहायच्या. आपल्याकडे नाटक फिरतं. दुपारी ठाण्याला गडकरीत, रात्री दादरला शिवाजी मंदिरात, पुढच्या आठवड्यात पुण्याला. प्रयोग कमी भरला तरी गाव बदलतं, प्रेक्षक बदलतो. इथे नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकतं आणि प्रेक्षकाला त्याच्याकडे यावं लागतं. दुपारपर्यंत न खपलेली खुर्ची रात्री पडदा उघडताक्षणी कवडीमोल होते, संध्याकाळी सुकत चाललेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखी. म्हणून निर्माता त्या खुर्च्या सकाळी-दुपारी या खिडकीकडे सोपवतो. सगळ्या एकदम नाही. विक्रीचा अंदाज घेत थोड्या आत्ता, थोड्या पाच वाजता, थोड्या अगदी शेवटच्या तासात. चांगल्या जागा कधीकधी त्या शेवटच्या तासातच सुटतात. ज्याला थांबवतं त्याने थांबावं.

शेजारच्या दोरीपलीकडे दुसरी रांग आहे, आखूड आणि भराभर पुढे जाईल अशी. ती फक्त गद्य नाटकांची. बाहेरगावच्या पाहुण्यांना संगीतिका हव्या असतात, त्यांची रांग लांबते. त्यात नुसतं बोलण्यावर उभं असलेलं नाटक बघायला आलेला माणूस अडकू नये म्हणून त्याला ही वेगळी वाट ठेवली आहे. ही व्यवस्था ज्याने केली त्याला नाटक कळतं.

त्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन बसले आहेत. आमच्याकडे बघून विचारतात, "काय बघणार?" सई सांगते. ते मान हलवतात. "बघा, छान आहे. पण इथवर आलात तर एक नाटकही बघा. गाण्यात माणूस लपतो, बोलताना लपता येत नाही."

मला हे पूर्ण पटत नाही. बालगंधर्वांची परंपरा असलेल्या मुलखातून आलेल्या बाईला गाण्यात माणूस लपतो हे कसं पटेल? तसं मी त्यांना सांगते. ते मनापासून हसतात आणि मग ते बालगंधर्व कोण, असं विचारतात. मी सांगते. पुरुष असून स्त्रीभूमिका करत, बायका त्यांचं बघून साड्या नेसत, एकेका पदाला वन्समोअर मिळून प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. आमच्या मागे उभी असलेली ओहायोची शाळामास्तरीणही आता ऐकते आहे. तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना नाटकावर बोलायला ओळख लागत नाही.

वृद्ध गृहस्थांनी ही खिडकी अगदी सुरुवातीपासून पाहिली आहे. १९७३चा उन्हाळा. तेव्हा इथे या काचेच्या पायऱ्या नव्हत्या. लोखंडी नळ्या आणि कॅनव्हास एवढ्यावर उभी केलेली तिकीटबारी होती. "या चौकात संध्याकाळी यायला लोक घाबरत," ते सांगतात. ब्रॉडवेची थिएटरं रिकामी पडत होती. थिएटर डेव्हलपमेंट फंड या १९६८ साली स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेने त्याच दिवसाची तिकिटं निम्म्या दरात विकायचं ठरवलं. पुढे या खिडकीकडे बघून लंडननेही लेस्टर स्क्वेअरमध्ये अशीच खिडकी उघडली. या पायऱ्या आल्या २००८ साली.

तिकिटामागे थोडं सेवाशुल्क द्यावं लागतं, आणि ते याच संस्थेकडे जातं. त्या पैशातून काय होतं हे मला ठाऊक असल्यामुळे ते देताना हात आखडत नाही. २०११ साली याच संस्थेने स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी 'लायन किंग'चा खास प्रयोग लावला. आवाज थोडे खाली, डोळ्यांवर येणारे दिवे सौम्य, मूल मध्येच उठलं, ओरडलं, तरी कुणी वळून बघणार नाही. असे प्रयोग नंतरही होत राहिले. आपल्या गावांत कितीतरी आईबाप मुलाला घेऊन नाट्यगृहाच्या दारापर्यंतही जात नाहीत. त्यांच्यासाठी असा एक रविवार आपल्याकडे का निघू नये?

रांगेच्या कडेने पत्रकं वाटणारी माणसं फिरतात. एकजण सईच्या हातात विनोदी कार्यक्रमाचं पत्रक कोंबतो, "आज रात्री, स्वस्तात" असं म्हणत चार पावलं बरोबर चालतो. त्याचा या खिडकीशी काही संबंध नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली टीकेटीएसची माणसं वेगळी. ती काही विकत नाहीत. कुठलं नाटक कशाबद्दल आहे, मुलांना चालेल का, मध्यंतर आहे का, हे सांगत रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत जातात. त्यातली एक मुलगी शाळामास्तरणीला एका नव्या नाटकाबद्दल इतकं जीव तोडून सांगते की बाई शेवटी आमची रांग सोडून गद्य नाटकांच्या रांगेत जातात.

सईचा फोन थरथरतो. सकाळी तिने दोनतीन नाटकांच्या लॉटरीत नाव घातलं होतं. "नाही लागली," ती म्हणते. पुन्हा थरथरतो. "हीपण नाही."

या लॉटरीमागची गोष्ट मला नेहमी हलवून सोडते. १९९६ साली 'रेंट' ब्रॉडवेवर आलं. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातल्या, भाडं भरता न येणाऱ्या तरुण कलावंतांची ती संगीतिका. लिहिणारा जोनाथन लार्सन स्वतः तसाच जगला आणि ब्रॉडवेच्या आधीच, छोट्या थिएटरातल्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पहाटे वारला. पस्तीस वर्षांचा होता, छत्तिसावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता. ज्यांच्यावर हे नाटक आहे त्यांना ते परवडलं पाहिजे, म्हणून निर्मात्यांनी पहिल्या दोन रांगा वीस डॉलरला काढल्या. त्यासाठी पोरं रात्रभर पदपथावर झोपू लागली. ते धोक्याचं वाटू लागलं तेव्हा चिठ्ठ्या टाकायची पद्धत आली. 'हॅमिल्टन'ने २०१५ साली तीच प्रथा दहा डॉलरवर आणली, आणि लॉटरीसाठी थिएटरच्या दाराशी जमलेल्यांसाठी ते लिहिणारा लिन-मॅन्युएल मिरांडा आणि मंडळी रस्त्यावरच छोटे कार्यक्रम करत. आता चिठ्ठी फोनवर निघते. गर्दी टळली, पण दाराशी जमणारा तो मेळाही गेला.

वीस डॉलरपेक्षा मोठी गोष्ट त्या दोन रांगांची आहे. स्वस्त तिकीट म्हणजे मागची बाल्कनी, खांबाआडची जागा, हे आपण धरूनच चालतो. मी स्वतः कॉलेजची सगळी वर्षं बाल्कनीतून नाटकं पाहिली. नटांचे चेहरे मला पुढे नोकरी लागल्यावर दिसले. 'रेंट'वाल्यांनी सगळ्यात कमी पैसे असलेल्याला रंगमंचाच्या अगदी पुढ्यात बसवलं. नटाला समोर अंधारात दिसणारा पहिला चेहरा अशा कुणाचा, ज्याने या रात्रीसाठी दिवसभर वाट पाहिली आहे. असं एखाद्या मराठी निर्मात्याने करून बघावं. पहिल्या रांगेतल्या दहा खुर्च्या, प्रयोगाच्या दिवशी, विद्यार्थ्यांना.

तीन वाजतात. रांग हलते, आणि एकदा हलली की अपेक्षेपेक्षा भराभर जाते. सई विचारते, "काय सांगायचं?" मी सांगते की आधी ठरवून ठेव. पहिली पसंती, ती नसेल तर दुसरी. जास्तीत जास्त किती खर्चायचे. आणि अर्धवट दिसणारी जागा चालेल की नाही. खिडकीशी पोचल्यावर विचार करत बसलं की मागच्यांचा वेळ जातो.

काचेपलीकडचा माणूस विचारतो, आम्ही सांगतो. "ऑर्केस्ट्रा, डावी बाजू, जोडून. चालेल?" ऑर्केस्ट्रा म्हणजे रंगमंचासमोरच्या तळमजल्यावरच्या जागा. सई माझ्याकडे बघते. सेवाशुल्क धरून तिकिटामागे ऐंशी डॉलरच्या आत. पूर्ण किमतीच्या निम्मं. तरी रुपयांत सहासात हजार होतात, हे मनातल्या मनात केलेलं गणित मला ऐकू येतंच. अर्धी किंमत म्हणजे स्वस्त असं नाही. हे शहर नाटकाला जी किंमत लावतं ती मुळातच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहे, ही खिडकी ती ओढून जरा खाली आणते, इतकंच. याहून कमीत बघायचं तर वाटा वेगळ्या. सकाळी दहाला थिएटरचीच खिडकी उघडते तेव्हा काही नाटकं त्या दिवसाची तिकिटं कमी दरात देतात. सईसारख्यांना कॉलेजचं ओळखपत्र दाखवून. सगळ्या खुर्च्या संपल्या तर काही थिएटरं मागे उभं राहायची जागा विकतात. आणि उन्हाळ्यात सेंट्रल पार्कमधल्या डेलाकोर्ट थिएटरात शेक्सपिअर चक्क फुकट. निर्माता जोसेफ पॅप याच्या हट्टामुळे १९६२पासून ते तिथे होत आलं आहे. ती रांग सकाळपासून बागेत झाडांखाली लागते. ती बघायला मला पुढच्या वेळी जूनमध्ये यायचं आहे.

"घ्या," मी म्हणते. खिडकीतला माणूस तिकिटं सरकवताना सांगतो, "जपून ठेवा. सात दिवसांच्या आत परत आलात तर ही दाखवा, रांगेत उभं राहावं लागणार नाही."

रात्री एकोणपन्नासाव्या रस्त्यावर. ॲम्बॅसेडर १९२१चं. जागेचा तुकडा अडचणीचा होता म्हणून प्रेक्षागृह त्यात तिरकं बसवलं आहे. आत गेल्यावर ते जाणवत नाही. दालन रुंद, जवळचं वाटतं. दाराशी प्रत्येकाच्या हातात 'प्लेबिल' देतात, त्याचे पैसे नाहीत. नेपथ्य असं जवळजवळ नाहीच. वाद्यवृंद थेट रंगमंचावर पायऱ्यापायऱ्यांनी बसलेला, नट काळ्या कपड्यांत त्याच्या पुढे आणि कडेने. ट्रम्पेट पहिला सूर लावतं आणि सई खुर्चीच्या कडेवर येते. तिच्या आणि नर्तकींच्या मध्ये माणसांच्या पाचसहा रांगा. नर्तकी श्वास कसा घेतात तेही दिसतं.

मध्यंतरात शेजारच्या टेक्सासच्या जोडप्याशी बोलणं होतं. त्यांनी तिकिटं जुलैमध्ये काढली, पूर्ण दराने. आमच्या खुर्च्या त्यांच्याला लागून. बाई विचारतात, आणि आम्ही किती दिले हे सई सांगून टाकते. क्षणभर त्यांचा चेहरा पडतो. मग त्या पर्समधून पेन काढतात आणि 'प्लेबिल'च्या कोऱ्या कोपऱ्यावर लिहू लागतात. "कुठे म्हणालात? पायऱ्यांच्या मागे?" मागे, मी सांगते, सत्तेचाळिसाव्या रस्त्याच्या बाजूने. उद्या शनिवार, दुपारचा प्रयोग आहे, तेव्हा खिडकी लवकर उघडेल. आणि शेजारची आखूड रांग गद्य नाटकांची, तिथेही एकदा डोकावा.

नवरा विचारतो, "गद्य नाटक चांगलं असतं का इथलं?"

"आम्ही उद्या तेच बघणार आहोत," सई म्हणते. हे मला आत्ताच कळतं आहे. तोवर तिने तिकिटं पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहेत आणि ती आईला फोन लावते आहे. "आई, उद्या तूपण ये. नाही, रांग नाही, आपल्याकडे तिकिटं आहेत दाखवायला. मावशी म्हणते तीन खुर्च्या जोडून नाही मिळाल्या तर वेगवेगळं बसायचं. चालेल ना?"