बंदुकीचा कायदा आणि लोकप्रतिनिधीला पत्र

फाल्गुन-चैत्रात पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिकू लागतात. मालक पोचण्याआधी तेथे माकडे पोचलेली असतात. खाली वायंगणात रानडुकरे शिरतात, तर कधी गवे कुळागराचे कुंपण मोडून जातात. हणखणे-इब्रामपूरपासून साळ-मेणकुऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्याला पीकरक्षणाच्या बंदुकीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. परंतु रात्रीच्या काळोखात नुसत्या चाहुलीवर झाडलेली गोळी सावजाऐवजी माणसाला लागू शकते, हेही खरे आहे. म्हणून एका घरी बंदुकीचा परवाना सुलभ व्हावा असे वाटते, तर शेजारच्या घरी तो अधिक कडक व्हावा असे वाटते. लोकशाहीत दोघांनाही आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिण्याचा सारखाच अधिकार आहे. ते पत्र कोणाला लिहावे आणि त्यात काय मागावे, एवढ्याच गोष्टीचा आज विचार करू.

आपल्याकडे अशी पत्रे बहुधा आमदाराच्या नावे जातात. आमदार जवळचा आणि ओळखीचा असल्यामुळे हे स्वाभाविक आहे. परंतु शस्त्रे, बंदुका आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे. गोव्याच्या विधानसभेला तो बदलता येत नाही. मूळ कायदा 1959 सालचा. 2019 साली संसदेने त्यात दुरुस्ती केली. एका व्यक्तीला पूर्वी तीन बंदुका बाळगता येत असत, त्या दोनवर आल्या. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. या कायद्याखालचे नियमही केंद्र सरकारच करते. सध्याचे नियम 2016 सालचे आहेत. तेव्हा कायदा किंवा नियम बदलून हवा असेल, तर पत्र खासदाराला लिहावे. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके उत्तर गोवा लोकसभा मतदारसंघात येतात. गोव्याचा एक सदस्य राज्यसभेतही असतो. खासदार सभागृहात प्रश्न विचारू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, खासगी विधेयक मांडू शकतो. सार्वजनिक हिताच्या विषयावर नागरिकांची याचिकाही त्याच्यामार्फत लोकसभेपुढे ठेवता येते.

मग आमदाराचे काम काय? ते आहे कायद्याच्या अंमलबजावणीपुरते. परवाना जिल्हादंडाधिकारी देतो आणि त्यासाठी पोलिसांचा अहवाल मागवतो. अर्ज वर्षभर पडून राहतात, नूतनीकरणासाठी शेतकऱ्याला पुन्हापुन्हा पणजीच्या खेपा घालाव्या लागतात, अशी तक्रार असेल, तर ती आमदाराने विधानसभेत विचारण्याजोगी आहे. मात्र “मला परवाना मिळवून द्या” असे पत्र आमदाराला लिहिणे योग्य नव्हे. तो निर्णय कायद्याने अधिकाऱ्यावर सोपवला आहे. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्याच्या तेराव्या कलमातच आहे. ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले, तर तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करू शकतो. परवाना नाकारल्यास त्याने कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि अर्जदाराने मागितल्यास, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर, ती थोडक्यात कळवली पाहिजेत. अठराव्या कलमाखाली वर अपील करता येते. ज्याच्या हाती असा नकार आला आहे, त्याने आधी अपिलाची मुदत सांभाळावी.

निवडणुकीच्या काळात हा प्रश्न विशेष जाचक होतो. 2024 साली लोकसभेची निवडणूक 16 मार्चला जाहीर झाली, गोव्यात मतदान 7 मे रोजी झाले आणि निकाल 4 जूनला लागले. म्हणजे काजूचा जवळजवळ सारा हंगाम त्यात गेला. अशा वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला, तर बागायतदाराने काय करावे? पुष्कळांना वाटते की हा शस्त्रकायद्याचा दोष आहे. वस्तुतः असा हुकूम जिल्हादंडाधिकारी निवडणूक आयोगाच्या सूचनांना अनुसरून काढतो. 2009 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. त्यानंतर आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यात छाननी समिती नेमून परवाने तपासण्याची पद्धत घालून दिली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले किंवा दंग्यात गुंतलेले परवानाधारक यांच्याकडे समितीने विशेष लक्ष द्यावयाचे असते. तेव्हा येथे कायदा बदलण्याची मागणी करण्यात अर्थ नाही. आपले पीक, आपली जमीन आणि आपले निष्कलंक वर्तन यांचे पुरावे जोडून छाननी समितीकडे अर्ज करावा. या पद्धतीविषयी आमदाराला लिहावयाचे असेल, तर ते पावसाळ्यातच लिहावे. आचारसंहिता लागू झाल्यावर आमदाराला फारसे काही करता येत नाही.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्य प्राण्यांचे संरक्षण 1972 च्या निराळ्या कायद्याने होते. गवा आणि मोर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाची नासाडी केली एवढ्याच कारणावरून त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याच्यासाठीसुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. 2016 साली माकड, रानडुक्कर आणि मोर यांना उपद्रवी ठरवण्याची चर्चा गोव्यात बरीच गाजली. पण एखाद्या प्राण्याला तसे घोषित करण्याचा अधिकार केंद्राचा आहे. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यावयाचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. डिचोलीतील ज्यांचे गाव सत्तरीला लागून आहे, त्यांनी म्हादई अभयारण्यापासूनचे अंतर अर्जापूर्वीच पाहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष पत्राविषयी. एका पत्रात एकच मागणी असावी. आपण त्याच मतदारसंघाचे मतदार आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. अर्ज केव्हा दिला, उत्तर केव्हा आले, नुकसान किती झाले, हे तारखा आणि आकडे देऊन लिहावे. कृषी खात्याकडे नुकसानीची नोंद केली असल्यास तिची नक्कल जोडावी. “योग्य ते करावे” असे मोघम न लिहिता “हा प्रश्न सभागृहात विचारावा” असे नेमके मागावे. बंदुकांवर अधिक नियंत्रण हवे असणाऱ्यानेही हीच शिस्त पाळावी. रात्री कोठे बार ऐकू येतात, कोणत्या वाटेने लोकांची ये-जा असते, पोलिसांना केव्हा कळवले, हे त्याने लिहावे. शेजाऱ्याचे नाव संशयावरून गोवू नये.

पत्राची प्रत जपून ठेवावी आणि महिनाभरात उत्तर न आल्यास तिचा हवाला देऊन दुसरे पत्र लिहावे. प्रतिनिधीला पीक राखणाऱ्याचे आणि काळोखात वाट चालणाऱ्याचे अशी दोन्ही पत्रे मिळाली पाहिजेत. त्याच्या टेबलावर एकच बाजू पोचली, तर उद्याचा नियमही एकांगी होईल.