कॉफी पाणचट का झाली?

मे महिन्यातली दुपार होती. नववीत शिकणारी माझी भाची सुट्टीसाठी पुण्याला, आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आली होती. ‘आज सगळ्यांना बर्फ घातलेली कॉफी मी देणार,’ असे तिने जाहीर केले. दूध, पाणी, साखर, कॉफी आणि चिमूटभर जायफळ असे नेहमीचे साहित्य घेऊन तिने कॉफी उकळली, गरम गरम पेल्यांत ओतली आणि वर बर्फाचे खडे टाकले. खडे पाहता पाहता विरघळले. कॉफी अजून कोमटच होती, म्हणून आणखी खडे टाकले. पेले काठोकाठ भरले. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, एक घोट घेतला आणि म्हणाली, “अगं, ही कॉफी आहे की पेला विसळलेलं पाणी?”

भाची हिरमुसली. “मामा, कॉफी तर मी रोजच्याएवढीच घातली होती. मग चव गेली कुठे?”

प्रश्न मोठा चांगला होता. चव कुठेच गेली नव्हती. पाणी मात्र आले होते. किती आले, ते आम्ही कागद-पेन्सिल घेऊन मोजले.

थंडाव्याची किंमत

एका पेल्यात १५० ग्रॅम कॉफी आहे आणि तिचे तापमान ७५° सें. आहे असे समजा. ती ५° सें. पर्यंत गार करायची आहे. दुधाची कॉफी हिशेबापुरती पाण्यासारखीच मानली, तर तिच्यातून १५० × ७० = १०,५०० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल.

ही उष्णता बर्फ घेतो. ०° सें. तापमानाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो. हीच वितळण्याची अप्रकट उष्णता. झालेले पाणी ०° पासून ५° पर्यंत तापताना आणखी ५ कॅलरी घेते. एकूण ८५. आता १०,५०० ला ८५ ने भागा. उत्तर येते सुमारे १२४ ग्रॅम!

म्हणजे १५० ग्रॅम कॉफीत १२४ ग्रॅम पाणी मिसळले गेले. आजीची तक्रार अगदी रास्त होती.

यातली गंमत ध्यानात घ्या. ८५ पैकी ८० कॅलरी बर्फ वितळण्यातच खर्च होतात. बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळूनच. तेव्हा थंडाव्याची किंमत पाण्याच्या रूपात मोजावीच लागते. मग उपाय काय? एक म्हणजे कॉफी आधी निववून घ्यावी. दुसरा अधिक चतुराईचा आहे. कॉफी मुळातच इतकी दाट करावी, की बर्फाचे पाणी हेच तिच्यात घालायचे पाणी ठरावे! व्हिएतनाममधले लोक हेच करतात.

व्हिएतनामची युक्ती

फ्रेंच धर्मोपदेशकांनी १८५७ च्या सुमारास व्हिएतनाममध्ये कॉफीचे रोप नेले. आज कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलच्या खालोखाल त्या देशाचा क्रमांक लागतो. तिथे मुख्यतः ‘रोबस्टा’ जातीची कडक, कडवट कॉफी पिकते. उष्ण हवेच्या त्या देशात पूर्वी ताजे दूध दुर्मीळ होते, म्हणून डब्यातले आटीव गोड दूध वापरण्याची पद्धत पडली. पेल्याच्या तळाशी हे दूध, त्यावर थेंब थेंब गळणारा दाट काढा आणि मग बर्फ. या पेयाला ते ‘का फे सुआ दा’ म्हणतात. ‘सुआ’ म्हणजे दूध आणि ‘दा’ म्हणजे बर्फ. गंमत अशी, की ‘दा’ म्हणजे दगडसुद्धा! आपल्याकडेही पावसात पडते ती गार आणि चकमकीचा दगड तीही गारच, नाही का?

काढा गाळण्यासाठी ते ‘फिन’ नावाचे छोटे धातूचे भांडे पेल्यावर ठेवतात. ते नसले तरी अडत नाही. उडुपी उपाहारगृहांमुळे पुणेकरांच्या परिचयाचा झालेला दक्षिणी कॉफी-फिल्टर त्याच तत्त्वावर चालतो. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे, त्यात कॉफीची पूड, पुडीवर दाबायची चकती आणि खाली काढा साठवणारे भांडे.

पूड कशी असावी? एक सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सें.मी. असते. त्याचेच एक मि.मी. बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौ. सें.मी. होते. पृष्ठभाग वाढला की पाण्यात अर्क लवकर उतरतो. पण पूड पिठासारखी झाली तर छिद्रे बुजतात आणि पाणी तुंबते. भरड राहिली तर पाणी भरभर निघून जाते आणि काढा पातळ होतो. म्हणून पूड मध्यम, बारीक रव्यासारखी हवी.

बासुंदी आणि डब्यातले दूध

बासुंदी करताना आपण दूध उघड्या पातेल्यात आटवतो. डब्यातले दूध बंद पात्रात, हवेचा दाब कमी करून आटवतात. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी १००° ऐवजी ९८° च्या आसपास उकळते, तेही याच कारणाने. कारखान्यात दाब इतका उतरवतात, की दूध ५०°-६०° लाच उकळते आणि करपत नाही. अमेरिकेत गेल बॉर्डन यांनी अशा पद्धतीचे पेटंट १८५६ मध्ये घेतले.

या दुधात वजनाने ४० टक्क्यांहून अधिक साखर असते. मुरांब्याप्रमाणे तीच ते टिकवते, कारण इतक्या दाट पाकात जंतूंच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. शिवाय ही साखर आधीच विरघळलेली असते. गार कॉफीत चमचाभर साखर टाकून पाहा, ती तळाशीच बसून राहील!

करून पाहा

१. फिल्टरच्या वरच्या भांड्यात १५ ग्रॅम (सुमारे तीन मोठे चमचे) पूड घालून चकती हलकेच दाबा.
२. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ९० मि.लि. उकळते पाणी घाला. आधी दोन चमचे घालून पूड भिजू द्या, मग उरलेले ओता. सुमारे ३० मि.लि. पाणी पुडीतच राहील. पंधरा-वीस मिनिटांत ६० मि.लि. काढा मिळेल.
३. काचेच्या पेल्यात ४० ग्रॅम (दोन मोठे चमचे) आटीव दूध घ्या आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून काढा सोडा. दूध अधिक घनतेचे असल्याने खाली पांढरा व वर काळा असे दोन थर दिसतील.
४. ढवळा आणि पेला भरून बर्फ घाला.

आता पुन्हा हिशेब. काढा ६५° चा धरला, तर ६० × ६० = ३,६०० कॅलरी. दूध ३०° चे आहे आणि त्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण निम्मी धरली, तर ४० × २५ × ०.५ = ५०० कॅलरी. एकूण ४,१००. भागिले ८५ म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम बर्फ वितळेल. पेय होईल ६० + ४० + ४८ = १४८ ग्रॅम, जवळजवळ भाचीच्या मूळ पेल्याएवढेच! उरलेला बर्फ तरंगत राहील आणि सावकाश वितळेल. काचही थोडी उष्णता देते, तेव्हा प्रत्यक्षात आकडा थोडा वाढेल.

दोन सूचना

बर्फ घरच्या पिण्याच्या पाण्याचाच घ्या. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये झाला, तो यासाठीच.

दुसरे कॅफीनविषयी. रोबस्टात ते अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. चिकोरी ही एका वनस्पतीची मुळी. तिच्यात कॅफीन नसते. म्हणून पुडीच्या पाकिटावरचे चिकोरीचे प्रमाण वाचा. हा पेला मोठ्या माणसासाठी आहे. तुम्ही अर्ध्यावर थांबा, तोही दिवसाउजेडी. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफीने पळवलेली झोप सकाळी पेपर लिहिताना सूड उगवते!

दुसऱ्या दिवशी भाचीने नव्या रीतीने कॉफी केली. आजीने घोट घेतला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, “हं, ही कॉफी. पण जायफळ कुठं गेलं?”

जाता जाता तुमच्यासाठी दोन गणिते. भाचीने पहिली कॉफी आधी ३०° पर्यंत निववली असती, तर किती बर्फ वितळला असता? आणि बर्फ −१०° चा असता, तर ७५° च्या त्याच कॉफीत किती पाणी वाचले असते? (बर्फाची विशिष्ट उष्णता ०.५ धरा.) उत्तरे काढा, म्हणजे निववण्याचा फायदा अधिक की फ्रीजरमधल्या गारठ्याचा, हे तुमचे तुम्हालाच कळेल.