धबधबा पाहताना नजर डोंगरावर ठेवा

आषाढ लागला की सावर्डे परिसरातील कुटुंबे सुटीच्या दिवशी धबधब्याची वाट धरतात. चिपळूणच्या पुढे, परशुरामजवळ मुंबई-गोवा महामार्गालगत असलेला सवतसडा हे त्यातले हक्काचे ठिकाण. फार चढण नाही, आजी-आजोबा आणि लहान मुलांनाही नेता येते. मात्र वाट सोपी असली म्हणजे पाणीही सोपे असते, असे नाही.

ओढ्याला येणारे पाणी वरच्या डोंगरावरून येते. त्यामुळे खाली ऊन असतानाही वर कोसळलेली सर काही मिनिटांत लोंढा होऊन उतरू शकते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून ते उभे होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाने धावणारे पाणी जेमतेम 15 सेंटीमीटर खोल असले, तरी धडधाकट माणसाचा तोल जाऊ शकतो. शेवाळलेल्या कातळावर रबरी चप्पल असेल तर त्याहून लवकर.

नितळ पाणी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा आणि काटक्या दिसू लागणे, आवाज वाढणे या लोंढा येत असल्याच्या खुणा आहेत. यातली एक जरी दिसली, तरी फोटो अर्धवट टाकून सर्वांनी एकाच काठावर, उंच जागी यावे. थेट धारेखाली उभे राहू नये. वरून दगडही येतात. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने पट्टीचा पोहणाराही तिथे नीट तरंगत नाही.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नये. दोरी, लांब काठी, ओढणी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाकावा आणि 108 क्रमांकावर फोन करावा. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्याची जुनी पद्धत घातक आहे; पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावे, कारण फुफ्फुसांत पाणी गेलेले असल्यास काही तासांनी धाप लागू शकते.

सहलीनंतरचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि गुरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून व चिखलातून पायावरच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. म्हणून पायाला चीर असेल तर पाण्यात उतरू नये. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत. ताप साधारण 5 ते 14 दिवसांनी येतो, तोवर सहल विसरलेली असते. तापासोबत पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील किंवा लघवी कमी होत असेल, तर अंगावर न काढता लगेच आरोग्य केंद्र गाठावे आणि ‘धबधब्यावर गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत सुरू झालेली साधी प्रतिजैविके मूत्रपिंड वाचवू शकतात.

सवतसडा काठावर बसूनही डोळे भरून पाहता येतो. मुलांचा हात हातात ठेवावा आणि अंधार पडण्याआधी परतावे.