आमचा बुधवार

पहाटे साडेपाच. स्वयंपाकघरातल्या फळीवर झाकण लावलेला डबा असतो, आत सिलिका जेल. रात्री लेकीचं कानाचं मशीन त्यात ठेवतो, म्हणजे दिवसभराचा घाम आणि पावसाळी ओल निघून जाते. बॅटरी चार्ज झाली का ते पाहते, गॅसवर चहा ठेवते आणि पवित्र शास्त्र उघडते. सध्या मार्कच्या सातव्या अध्यायावरून पुढे जाववत नाही. बहिऱ्या, बोलताना अडखळणाऱ्या माणसाला लोक येशूकडे आणतात. येशू आधी त्याला गर्दीतून बाजूला नेतो, बाकी सगळं त्यानंतर. आमच्या ऑडिओलॉजिस्टबाईही हेच सांगतात : कोलाहलात या मुलांना सर्वांत जड जातं, आधी शांत जागा द्या.

सात. लेक उठते. वय अडीच वर्षं. जन्मतः दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला दत्तक घेण्याआधीच माहीत होतं. बेरा या श्रवणचाचणीचा अहवाल तिच्या फाइलमध्येच होता. मशीन नसेल तर कुकरची शिट्टीही तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हाक मारत नाही. गालाला हात लावते, माझा चेहरा तिला दिसू देते, ती हसली की मशीन कानामागे बसवते. मशीनची कॉइल केसांजवळ नेली की शस्त्रक्रियेने कातडीखाली बसवलेल्या चुंबकाला आपोआप चिकटते. बाहेरचा आवाज विजेच्या संकेतांत बदलून आतल्या तारेवाटे थेट श्रवणतंतूंना मिळतो.

मग सहा ध्वनी. आ, ई, ऊ, म, श, स. बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज या सहांत येतात, म्हणून रोज सकाळी हीच तपासणी. ओठ दिसू नयेत म्हणून मी तिच्या मागे बसते. आवाज ऐकू आला की तिने वाटीत एक मणी टाकायचा. आज पाच मणी पडले. ‘स’ला हात तसाच वर राहिला. पुन्हा म्हटलं, तरी तसाच. बॅटरी बदलली, फरक नाही. माइकवरचं बारीकसं झाकण बदललं, आणि ‘स’ म्हणताच मणी वाटीत! ही तपासणी झाली नसती तर दिवसभर ‘साखर’, ‘बस’, ‘ससा’ तिला अर्धेच ऐकू आले असते, आणि ती लक्ष देत नाही असं आम्ही समजलो असतो.

साडेआठला मी शाळेत शिकवायला जाते. मागे सासूबाई. त्या दिवसभर बोलतात : भेंडी धुतली, आता पुसली, आता चिरली. थेरपिस्टने सांगितलेला अभ्यास त्यांच्याइतका नेटाने कुणी करत नाही.

दुपारी एक. मी शाळेतून परतलेली असते. जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरी डोळे उघडे ठेवून होते. सासूबाईंची सगळी हयात डोळे मिटून प्रार्थना करण्यात गेली; पण डोळे मिटले की लेकीला आमचे ओठ दिसत नाहीत आणि ती एकटी पडते. त्यांनीच एके दिवशी ठरवलं, उघड्या डोळ्यांनीही देवबाप ऐकतो. आता ती आळीपाळीने आमच्या तोंडांकडे पाहते आणि शेवटी ‘मेन’ म्हणते. नुसतं ‘मेन’.

दोन ते तीन थेरपी, मग झोप.

चार. दत्तक संस्थेच्या समाजसेविका येतात. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी त्यांचा पाठपुरावा असतो. त्या वजन, लसी, थेरपीची वही पाहतात. मला ही चौकशी जाचक वाटत नाही. नवऱ्याच्या मावशींनी पूर्वी एक मुलगा वाढवला, तेव्हा ख्रिस्ती कुटुंबांना १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळत असे. मूल सज्ञान झालं की कायद्याने ते नातं संपलं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. बाल न्याय कायद्याने हा भेद काढला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केलं की कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा आमचा आदेश मावशींनी दोनदा वाचला. लेक आमची आहे, वारसाहक्कासकट.

साडेसहा. घरी प्रार्थनासभा. मंडळी येतात, पेटी वाजते, गीतं होतात. लेक पेटीच्या भात्याला हात लावून उभी राहते. सभा संपताना एक काकू प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने बरं होण्याची प्रार्थना करतात. हाताने कॉइल सरकते आणि तेवढा वेळ तिला काहीच ऐकू येत नाही. मी कॉइल बसवते आणि काकूंना सांगते, “काकू, प्रार्थना करा, पण आधी समोर बसून तिला तुमचं नाव सांगा.” काकू बसतात. तीनदा सांगतात.

मला मोशे आठवतो. परक्या घरात मुलगा म्हणून वाढलेला आणि जिभेने जड. देवाने त्याचं बोलणं सुधारलं नाही. त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन सोबतीला दिला. माझ्या मते मंडळीचं काम ते अहरोनाचं आहे. लेकीसाठी चमत्कार मागायला माझी ना नाही. पण तिला रोज जे हवं, ते समोर बसून सावकाश बोलणारं माणूस, पुण्याला मॅपिंगला, म्हणजे मशीनचे आवाज जुळवून घ्यायला, जाताना सोबत आणि मशीनच्या सुट्या भागांचा खर्च. हे सगळं मंडळी देऊ शकते.

नऊ. मशीन काढायच्या आधी झोपेची प्रार्थना. मग डबा, चार्जर, उद्याच्या शाळेच्या वह्या.

आपल्या मंडळीत ज्या जोडप्यांच्या मनात दत्तकाचा विचार आहे त्यांना एवढीच विनंती : दत्तकासाठीच्या ‘कारा’ या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी केलीत की विशेष गरजा असलेल्या मुलांचीही माहिती पाहता येते, ती पाहा. फाइल वाचा, डॉक्टरांना दाखवा, मग ठरवा. आणि ज्यांना मूल घेणं शक्य नाही त्यांनी अशा एखाद्या घरी आठवड्यातून तासभर जा. आमच्याकडे बुधवारी साडेसहाला या, जरा लवकर आलात तर आणखी बरं.